कडीला टांगलेला माइक

भूतखेत मी कधीच मानलं नाही. आजही मानत नाही म्हणा... पण बहिणीची पाठ मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. आमचं घर बौद्ध. आजोबांनी देव नदीत सोडले तेव्हा भुतंही त्यांच्यासोबत वाहून गेली, असं बाबा हसत सांगायचे.

मी भंडारा जिल्ह्यातल्या जवाहरनगरचा, आमच्याकडच्या झाडीपट्टी नाटकांचा साउंडवाला. धाकटी बहीण पल्लवी व्हायोलिन वाजवते. तिच्या ऑर्केस्ट्राचं शूटिंग आसगावच्या पुढे एका जुन्या राजवाड्यात होतं. वाजवणार होते बरोक, म्हणजे युरोपातलं तीनेकशे वर्षांपूर्वीचं दरबारी संगीत. त्यांचा मास्तर जुन्या रिवाजाप्रमाणे जमिनीवर काठी आपटून ताल द्यायचा. माइक स्टँडवर लावा म्हणाला. मी कुठला ऐकतो! आमच्या नाटकात माइक वरूनच टांगतात. पल्लवीच्या खुर्चीच्या बरोबर वर छताला एक लोखंडी कडी होती, तिलाच बांधला.

भरदुपारी वाजवणं सुरू झालं. काठी आपटली – ठक! माझ्या हेडफोनमध्ये मात्र सप्प... बैलावर चाबूक ओढावा तसं. पुन्हा ठक, पुन्हा सप्प. पल्लवी दर वेळी कळवळत होती, पण तिचा हात थांबेना. पांढऱ्या कुर्त्यावर पाठीला आडवी लाल रेघ उमटली. मग दुसरी. कापड शाबूत, आतून रक्त!

"काठी थांबव बे! पोरगी मरून राहिली!" मी ओरडलो.

"हात थांबतच नाही!" मास्तर रडत होता.

मी धावत जाऊन त्याच्या तोंडावर ठोसा हाणला, काठी हिसकावली अन् दूर भिरकावली. पल्लवी कोसळली. भंडाऱ्याला दवाखान्यात नेली, तर डॉक्टर मलाच दरडावतात, "कोणी मारलं हिला?"

ती वाचली. पण माझ्याशी बोलेना. शेवटी मीच भडकलो, "मी वाचवलं तुले, अन् माह्यावरच राग कायले?"

तिने मोबाइलवर शूटिंग लावलं. ठोसा, हिसकावलेली काठी – सगळं तसंच. पण मी काठी फेकत नाही. दोन्ही हातांनी ती जमिनीवर आपटतो... पुन्हा... पुन्हा. अगदी तालात. पल्लवी खाली पडली आहे, तरी आपटतोच आहे.

"सगळ्यात जोरात त तूनंच मारलं, दादा," ती म्हणाली.

त्या कडीला पूर्वी काय बांधत, की कोणाला, ते कोणी सांगू शकलं नाही. काठी फेकल्याचं मला अजूनही लख्ख आठवतं. मी मलम घेऊन खोलीत गेलो की पल्लवी पाठ भिंतीला टेकवून बसते.