केंद्राध्यक्षांची खात्री

निवडणुकीच्या ड्यूटीची ऑर्डर आली की आमच्या स्टाफरूममध्ये साथ पसरते. कुणाची कंबर धरते, कुणाच्या सासूबाई एकाएकी अत्यवस्थ होतात, कुणाला आपली साखर वाढल्याचा साक्षात्कार होतो. मी ड्यूटी कधी रद्द करून घेतली नाही. लोक म्हणतात, बाईंना हौस आहे. आहेच मुळी! वर्षभर सांगलीच्या विश्रामबागेतल्या शाळेत पोरांना नागरिकशास्त्र शिकवायचं, निवडणूक आयोगाची कामं त्यांच्याकडून घोकून घ्यायची, आणि आपल्याला बोलावणं आलं की डॉक्टरचा दाखला शोधत हिंडायचं, हे काही मला जमत नाही.

त्या विधानसभेला मला केंद्राध्यक्ष केलं आणि पाठवलं आटपाडी तालुक्यात, माळावरच्या एका गावात. मशिनं ताब्यात घेऊन आमचं पथक एसटीनं तिथं पोचलं तेव्हा उन्हं कलली होती. शाळेसमोरच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी सुपात हुलगे निवडत बसली होती. हिरवं लुगडं, कपाळाला मोठं गोंदण. मी पेटी सांभाळत रस्ता ओलांडत होते, तर तिनं तिकडूनच हाक मारली, "आगं ये बाई, साडीचा फॉल उसवलाय की तुजा! पायात येऊन पडशील. थांब, सुई-दोरा देते."

मी खाली बघितलं. खरंच, टाचेजवळ वीतभर फॉल लोंबत होता. सकाळपासून माझ्यासोबत असलेल्या एकाही माणसाला तो दिसला नव्हता.

"राहू द्या आजी, रात्री शिवीन," म्हटलं. गावात कुणाचं काही घ्यायचं नाही असा आम्हाला नियम, मग ते जेवण असो की सुई-दोरा. म्हातारीला त्याचा राग आला असावा. "व्हय बाई, तुमी मोठी मानसं," म्हणून ती पुन्हा हुलग्यांतले खडे वेचायला लागली.

फॉल अर्थातच शिवला गेला नाही. कागद भरता भरता डोळे मिटले आणि पहाटे उठून उमेदवारांच्या एजंट लोकांसमोर मशिनची चाचणी घ्यायची होती. मतदान सुरू झालं आणि रांग लागली. सकाळी एक आंधळे आजोबा लेकीला घेऊन आले. ज्याला चिन्ह दिसत नाही त्याला सोबती नेता येतो. लेकीनं लिहून दिलं, वडील सांगतील तेच बटण दाबीन आणि कुणाला सांगणार नाही. मी दोघांना आत सोडलं. नियमाला काळीज असतं हे पोरांना सांगायला मला फार आवडतं.

ऊन चढल्यावर ओट्यावरची म्हातारी आली. तिच्या मुलानं तिचा दंड धरला होता. पन्नाशीचा गडी, फौजेतून रिटायर झालेला, ताठ मानेचा. एजंट लोक त्याला बघून खुर्चीत सावरून बसले, त्यावरून गावातलं त्याचं वजन कळलंच.

"म्याडम, आईला दिसत न्हाई," तो म्हणाला. "दरवक्ताला मीच बटन दाबतो. फॉर्म द्या, सही करतो."

मी म्हातारीकडं बघितलं. ती जमिनीकडं बघत होती.

"आजी, दिसत नाही तुम्हाला?"

"न्हाई बाई," ती पुटपुटली. "डोळं गेलं."

आता आली का पंचाईत! काल रस्त्यापलीकडून वीतभर फॉल बघणारे डोळे एका रात्रीत गेले? आणि आत येताना मशिनची वायर जमिनीवरून गेली होती, ती म्हातारीनं लुगडं जरासं उचलून नीट ओलांडली होती. हातच्या काकणाला आरसा कशाला? पण ती खोटं का बोलतेय तेही मला कळत होतं. घरोघरी हेच. घरची मतं एकगठ्ठा, मुलानं कुणाला तरी शब्द दिलेला, आणि आईनं चारचौघांत त्याचं नाक कापायचं नाही. माझ्या आईचं बोटसुद्धा असंच शाई लावून यायचं. मत कुणाला दिलंस विचारलं की म्हणायची, "तुझ्या बाबांना माहीत."

कालची गोष्ट तिथं सांगितली असती तर म्हातारी गावासमोर खोटी पडली असती. ते मला करायचं नव्हतं. पण तिचं मत मुलाच्या बोटानं पडू द्यायचं नाही, हेही माझं ठरलं होतं.

"सोबती देता येणार नाही," मी म्हटलं. "आजी एकट्या जातील."

"आवं, ती स्वतः सांगतीया की दिसत न्हाई म्हणून!"

"केंद्राध्यक्षांची खात्री झाली पाहिजे असा नियम आहे. माझी झालेली नाही."

त्याचा चेहरा लाल झाला. "म्याडम, तुमची शाळा विश्रामबागंतली न्हवं? तुमच्या संस्थेचं चेअरमन आमच्या घरातलंच हायत. एक फोन लावू का?"

खोटं कशाला बोलू, नेम बरोबर लागला. आमची शाळा खासगी संस्थेची. संस्थेची एक शाखा पार पाटणकडच्या डोंगरात आहे आणि चेअरमनांच्या मनातून उतरलेली माणसं तिथं जातात. माझा संसार सांगलीत, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. क्षणभर वाटलं, जाऊ दे ना. एका म्हातारीचं एक मत, त्यानं कुणाचं सरकार पडणार आहे?

आणि मग मला माझाच राग आला. असला राग की कान तापले. संविधानाच्या तीनशे चोविसाव्या कलमानं निवडणुकीचं अधीक्षण, निदेशन आणि नियंत्रण आयोगाच्या हाती दिलं, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. पण आयोगाची स्वतःची माणसं ती किती? मतदानाच्या दिवशी तो आमच्यासारखी माणसं मागून घेतो, मास्तर, तलाठी, ग्रामसेवक. आणि मागून घेतलेला माणूस तेवढ्या काळापुरता आयोगाचा असतो, त्याच्या नेहमीच्या साहेबाचा नाही. घटना लिहिणाऱ्यांनी हे उगीच नाही केलं. चेअरमनचा फोन कधीतरी येणार, हे त्यांना ठाऊकच होतं की! दिल्लीतला आयोग काही आटपाडीच्या माळावर येत नाही. त्या खोलीत आयोग म्हणजे मीच होते, उसवलेल्या फॉलसकट.

"लावा फोन," मी म्हटलं. "पण शंभर मीटरच्या पलीकडं जाऊन लावा. इथं मोबाईल चालत नाही."

तो तरातरा निघून गेला. म्हातारीला मी बाकावर बसवलं. ती पदराचं टोक पिळत राहिली. मी पुढचे मतदार सोडत होते, पण माझे कान बाहेरच होते.

तो परत आला तेव्हा मघाचा ताठा उतरला होता. "काय म्हणाले चेअरमन?" मी विचारलं.

"आज माझं तिथं काय चालत न्हाई म्हनलं," तो नाराजीनं बोलला. "मला या भानगडीत ओढू नगंस म्हनलं."

हसू दाबायला मला फार कष्ट पडले. पण त्याला आणखी खाली बघायला लावण्यात मतलब नव्हता. मी म्हटलं, "दादा, तुम्ही फौजेत होता. गेटवर सेंट्री उभा असला की कर्नलसुद्धा ओळख पटवूनच आत जातो ना?"

"जातो की."

"मग आज मी सेंट्री आहे."

तो बाजूला झाला आणि दाराशी जाऊन उभा राहिला, पाय जुळवून.

म्हातारीच्या बोटाला शाई लागली, अंगठा झाला. आमच्या पथकातल्या तिसऱ्या टेबलावरच्या मास्तरांनी बटण दाबून मशिन मोकळं केलं आणि ती पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेली.

आणि तिथंच राहिली. मशिन वाजेना. दारातली रांग चुळबुळ करायला लागली. एक एजंट म्हणाला, "बाई, म्हातारी अडकली. पोराला जाऊ द्या की." मुलानं एक पाऊल टाकलंही. मी नुसता हात आडवा केला. आडोशाखाली तिचे अनवाणी पाय तेवढे दिसत होते. दाब गं बाई, मनात म्हटलं, कुणालाही दाब, पण तुझं तू दाब. तिला खरंच जमलं नसतं तर माझ्या हट्टापायी तिचं मत वाया जाणार होतं.

बीप वाजला. चांगला लांबलचक, खणखणीत.

म्हातारी बाहेर आली ती पदर सारखा करत. माझ्या टेबलाशी थांबली, वाकून माझ्या टाचेकडं बघितलं आणि साऱ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आगं, आजून तसाच हाय व्हय फॉल? काल सुई-दोरा देते म्हनलं तर तुजा नियम आडवा आला!"

एजंट एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. मग रांगेतली एक बाई फिस्सकन हसली. मुलानं चमकून आईकडं बघितलं. सवयीनं त्याचा हात तिचा दंड धरायला पुढं झाला होता.

"राहू दे रं," ती म्हणाली. "दिसतंय मला."

आणि वायर ओलांडून ती एकटी बाहेर उन्हात गेली.