लंडनचा जमाव आणि शेवटचं कडवं

“मिताली, तुझ्या मागे कसला गोंधळ चाललाय?” मी टॉकबॅकवर विचारलं. टॉकबॅक म्हणजे पलीकडच्या माणसाशी बोलायचा माझा वेगळा माइक. हॉलमध्ये तो ऐकू येत नाही.

“सरकार पडतंय,” लंडनहून मिताली म्हणाली. “किंवा पडलंय. इथे कुणालाच नक्की माहीत नाही.”

मी ऑकलंडमध्ये साउंड इंजिनिअर आहे. लग्न, कॉन्फरन्स, गणपती, जिथे माइक लागतो तिथे आमची कंपनी जाते. त्या शनिवारी सकाळी माउंट रॉस्किलच्या एका हॉलमध्ये बंगाली मंडळाचा कवितांचा कार्यक्रम होता. दाराशी तांदळाच्या पिठाची अल्पना, म्हणजे त्यांची रांगोळी, स्टेजवर हार्मोनियम आणि तबला, लाल काठाच्या पांढऱ्या साड्या, किचनमधून खिचुरीचा वास. पोरं जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून धावत होती आणि आयांच्या बंगालीला इंग्लिशमध्ये उत्तरं देत होती. तेवढंच काय ते ओळखीचं. बाकी माझा पार गोंधळ उडाला होता. तिथे वयाने मोठ्या प्रत्येक पुरुषाला ‘दा’ म्हणतात, आणि प्रत्येक दा येऊन मला वेगळी ऑर्डर देत होता.

गप्प होते ते एकटे निर्मलदा. ओटाहुहूला फार्मसी चालवून रिटायर झालेले. माझ्या बाबांच्या वयाचे, म्हणून मी त्यांना काकाच म्हणत होते. त्यांच्या बायकोला जाऊन वर्ष झालं होतं. तिने लिहिलेली कविता त्यांची मुलगी मिताली इथे येऊन म्हणणार होती. पण मिताली लंडनमध्ये एका खासदाराच्या ऑफिसात काम करते. तिकडे पंतप्रधान राजीनामा देणार, देत नाहीत, दिलाच, असं आठवडाभर चाललं आणि तिची रजा रद्द झाली. म्हणून मग व्हिडिओ लिंक. आमचा शनिवार उजाडला तरी तिचा शुक्रवार संपला नव्हता. ती ऑफिसातच बसली होती, आणि खिडकीखाली शिट्ट्या, ढोल, घोषणा.

“मला बाकी काही नको,” निर्मलकाका हिंदीत म्हणाले. “शेवटचं कडवं तेवढं ऐकू येऊ दे. तिची आई ते अगदी हळू म्हणायची. मितालीही तसंच म्हणते.”

माझा बॉस क्रेग म्हणाला, “मेट, तो क्राउड घालव. नॉइज सप्रेशन लाव.”

हे एक सॉफ्टवेअर असतं. चहाच्या गाळणीसारखं. माणसाचा आवाज पुढे सोडायचा, मागचा गोंगाट अडवायचा. मी माझ्या कन्सोलवर ते लावलं आणि जमाव गायब झाला. मिताली जणू टाकानिनीसारख्या शांत उपनगरातल्या एखाद्या नव्या कोऱ्या घरातून बोलत होती. “स्वीट ॲज,” म्हणजे एकदम झकास, म्हणून क्रेग कॉफी आणायला गेला.

मितालीने सुरुवात केली. खणखणीत आवाज. लोक पुढे सरकून ऐकायला लागले. मला कवितेचं एक अक्षर कळत नव्हतं, पण आवाज दाखवणारे मीटर छान नाचत होते, त्यामुळे मी खूश होते.

आणि एकदम सगळं बंद. मीटर आडवे.

मी फेडर, म्हणजे आवाज वाढवायची सरकती कळ, वर ढकलला. काही नाही. आणखी ढकलला. ढिम्म. चित्र चालू होतं, पण मितालीने मान खाली घातलेली, त्यामुळे ओठही दिसेनात. मंडळाचे सेक्रेटरी तपनदा धावत आले. “आवाज गेला!”

“गेला कुठे?” मागून दुसरे एक दा म्हणाले. कवितावाचनाला बंगालीत आवृत्ती म्हणतात. “आवृत्तीत असंच थांबतात.”

“एवढं कोण थांबतं?”

“तुला कवितेतलं काय कळतं?”

दोघांची जुंपली. मी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे. माझ्या धंद्यात शांतता म्हणजे सगळ्यात मोठं संकट. यांच्या धंद्यात बहुधा तीच सगळ्यात भारी. विचारायचं कुणाला?

तेवढ्यात पहिल्या रांगेत निर्मलकाका दिसले. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. मग त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “ती थांबलेली नाही. ती बोलतेय. मला ऐकू येत नाहीये.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मिताली शेवटचं कडवं कुजबुजत होती, आणि सॉफ्टवेअरने तेही गोंगाटातच धरलं होतं. गाळणीने चहाच अडवला होता.

मी म्हटलं, “काका, हे काढलं तर बाहेरचा सगळा आरडाओरडा आत येईल.”

“येऊ दे.”

कॉफी घेऊन क्रेग दारातून आत येत होता. तो दुरूनच मानेने नको नको म्हणत होता. मी बटण बंद केलं. धाडकन ढोल आत आले. पण तोवर कविता संपली होती. मितालीने मान वर केली. टाळ्या नाहीत, सगळे बघतायत. तिचा चेहरा पडला. “बाबा, चुकलं का माझं?” तिने इंग्लिशमध्ये विचारलं.

मी माइक काकांच्या हातात दिला. “मा,” ते म्हणाले. बंगाली वडील लेकीलाही मा म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. “शेवटचं परत म्हण.”

त्याच क्षणी तिच्या टेबलावरचा फोन वाजायला लागला. तिने फोनकडे बघितलं, मग आमच्याकडे. आणि फोन तसाच वाजत ठेवून ती म्हणायला लागली. खाली ढोल, बाजूला फोन, मध्ये ती कुजबुज. माझं बोट फेडरवर आणि जीव कानात. कवितेचा अजूनही एक शब्द कळत नव्हता, पण मला रडू आलं.

“हां,” निर्मलकाका म्हणाले. “असंच.”

मितालीने फोन उचलला. स्क्रीन काळा झाला.

नंतर तपनदा माझा हात हातात घेऊन म्हणाले, “ते ढोलाचे इफेक्ट्स काय सुंदर दिलेस!” मी तोंड उघडायच्या आत क्रेगने “चीअर्स”, म्हणजे थँक्यू, म्हणून टाकलं.

मी वायर गुंडाळत होते, तेव्हा निर्मलकाका जवळ आले. “कोलकात्याला आमचं घर रस्त्यावर होतं. खाली रोज मोर्चा, आत कुकर, आणि मितालीची आई मध्येच कविता म्हणायची. शांततेत मी ती कधी ऐकलीच नव्हती.”

त्या दिवसापासून गोंगाट कशाला म्हणायचं, हे मी आधी विचारून घेते आणि मगच बटणाला हात लावते. तपनदांनी पुढच्या वर्षीचं बुकिंग केलंय, त्याच इफेक्ट्ससकट. क्रेगने हो म्हणून टाकलंय. मितालीची रजा मंजूर होऊन ती इथेच आली तर इफेक्ट्स मिळणार नाहीत, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.