मांगूर मारण्याचे दिवस

आमच्या कॉलनीमागच्या नाल्यात मासे परत आले तेव्हा मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले होते. लोकांना वाटलं, पोरीचं कुठे जमलं.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. लग्न होऊन यवतमाळहून रायपूरला आले, यजमान रेल्वेत. आमचं घर शंकर नगरच्या पलीकडे, आणि घराला लागून हा नाला. आधी तो नुसता काळा चिखल होता, उन्हाळ्यात खिडकी उघडायची सोय नव्हती. कॉलनीतल्या आम्ही पाच-सहा बायका आणि पलीकडच्या पाऱ्यातले, म्हणजे वस्तीतले, मासेमारी करणारे केवट यांनी मिळून तो चार उन्हाळे उपसला. सांडपाण्याचे दोन मोठे पाइप पालिकेच्या मागे लागून वळवून घेतले. पाणी खळाळत जावं म्हणून दगडांचे बुटके बांध घातले, काठाला पाणकणीस लावलं. तिसऱ्या वर्षी बेडूक आले. चौथ्या वर्षी बोटभर लांबीची चंदेरी कोतरी मासळी आली आणि तिच्यामागे पाणकोंबड्यांची एक जोडी.

पाऱ्यात एक म्हातारी केवटीण राहायची. सगळे तिला दाई म्हणत, मीही म्हणायची. बाजारात मासळी विकून तिने आयुष्य काढलं होतं. माझ्या पुस्तकातल्या नावांवर ती हसायची आणि मग तिची नावं मला पाठ करायला लावायची.

नाल्याच्या वरच्या अंगाला, पाऊण एक किलोमीटरवर, गिट्टी-रेतीचा धंदा करणाऱ्या एका माणसाने दोन डबऱ्या खणल्या होत्या. डबरी म्हणजे छोटं तळंच. त्याला सगळे भैया म्हणायचे. तो त्यात परदेशी मांगूर वाढवायचा. या माशाला आपल्याकडे बंदी आहे, कारण तो सुटला की दुसरं काही शिल्लक ठेवत नाही. भैया त्याला कोंबडीच्या दुकानांतली आतडी आणि मुंडकी टाकायचा. मी एकदा विचारायला गेले तेव्हा त्याने खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाला, "मैडम, मच्छी तो मच्छी होती है. आप अपना कॉलेज देखिए."

त्या वर्षी भादव्यात तीन दिवस झड लागली आणि एका डबरीचा बांध फुटला.

पाणी ओसरल्यावर दाईच्या जाळ्यात पहिला मांगूर आला. हातभर लांब, काळा, मिशाळ. तिने तो काठावर आपटला. "बाई, एहा हमर मोंगरी नोहे," ती म्हणाली. इथल्या मांगुराला ती मोंगरी म्हणायची. हा त्यातला नव्हता. मी तो कॉलेजात नेऊन त्याचं पोट फाडलं. आत सतरा कोतऱ्या निघाल्या, एक अर्धा बेडूक, आणि हिरवट पिवळा, लांब बोटांचा एक पाय. पाणकोंबडीच्या पिलाचा. मी तो पाय ट्रेच्या कडेला ठेवला आणि वर्गावर जायचं विसरले.

पुढचे चार महिने मी रोज सकाळी नाल्यावर जायची. पाणकोंबडी पिलं घेऊन पोहत असे, आणि तिच्यामागे पाणी नुसतं हलायचं. एकदा माझ्या डोळ्यांदेखत शेवटचं पिल्लू खाली ओढलं गेलं. आवाज झाला नाही. आई गोल गोल फिरत राहिली. मी दगड मारले. दगडांनी काय होतं!

चैत्रात पाणी उतरलं तेव्हा आम्ही मारायचं ठरवलं. आमच्या टप्प्याच्या दोन्ही टोकांना वाळूची पोती टाकून प्रवाह अडवला, पंप लावून पाणी बाजूच्या चरातून काढून दिलं. दुपारपर्यंत गुडघाभर चिखल उरला आणि चिखल जिवंत झाला. शेकडो काळी अंगं एकमेकांवरून सरपटत होती. दाईने आधी पाऱ्यातल्या बायकांना उतरवलं. त्या हातांनी चाचपून आपली मासळी वेगळी काढत होत्या. एक बादलीही भरली नाही.

मग आम्ही बांबू घेतले.

या माशाला हवेत श्वास घेता येतो. पाण्याबाहेर काढला तरी तो तासन्‌तास मरत नाही, परांवर रेलून चालत सुटतो. माझा पहिला फटका त्याच्या पाठीवर बसला, तो घसरला आणि माझ्या पायाशी आला. त्याच्या पराचा काटा घोट्यात घुसला. मी ओरडले.

"अइसने नइ मरय," दाई म्हणाली. "मुडी म मार."

मुडी म्हणजे डोकं. मी डोक्यावर मारलं. कवटी फुटल्याचा आवाज ओला आणि बारका होता. मी काठावर जाऊन ओकले, चूळ भरली आणि परत उतरले.

त्यानंतरचं सांगायला जड जातं. तासाभरात माझा हात बसला. कुठे मारायचं, किती जोरात, हे बघावं लागेना. चष्म्यावर रक्ताचे थेंब उडाले, ते मी पुसले नाहीत. कोणीतरी मोजत होतं, मग मोजणं सुटलं. मी प्रत्येक फटक्याला हुंकार देत होते आणि मला बरं वाटत होतं. बरं काय, मजा येत होती. वीस वर्षं मी मुलांना सांगत आले की विच्छेदनाच्या टेबलावर हसायचं नाही, आणि त्या दिवशी मी हसले. शेजारची बाई माझ्याकडे बघत थांबली होती.

मेलेले मांगूर आम्ही खड्ड्यात टाकून चुना ओतला. पाऱ्यातल्या एकानेही त्यातला मासा घरी नेला नाही.

घरी गेले तेव्हा यजमान दारातच थांबले. "अवं, हे काय करून आली तू? कपडे पाहा तुझे. खाटिक झाली काय?"

मुलगी मराठी समजते, पण बोलते हिंदीत. ती म्हणाली, "मम्मी, पहले नहा लो. प्लीज."

मी नहाणीत उभी राहिले. पश्चात्ताप नव्हता. मला उद्या पुन्हा जायचं होतं.

डबऱ्या होत्या तोवर आमचं मारणं फुकट होतं. आम्ही आधीच केलेल्या अर्जावर कारवाई होऊन आठवड्याभरात मत्स्य खात्याची माणसं जेसीबी घेऊन डबऱ्या मोडायला आली. पंचनाम्याला आम्हाला बोलावलं होतं. यजमान सकाळी म्हणाले, "तू काहून जाऊन राहिली? त्यायचं काम त्यायले करू दे." मी गेले. बांबू बरोबर नेला. डबरीतले मासे नाल्याकडे सरपटतील, ते अडवावे लागतील, असं मी यजमानांना सांगितलं. ते खरंही होतं.

जेसीबीने बांध खरवडला आणि काळं, घाण वास मारणारं पाणी शेजारी खणलेल्या खड्ड्याकडे सुटलं. मासे चहूकडे पसरले. दाई नाल्याच्या बाजूला उभी राहून येतील तसे ठेचत होती. मी तिच्यापासून दहा-बारा पावलांवर होते. डबरीच्या राखणदाराची झोपडी तिथेच होती. राखणदार चाळिशीचा, निळी बनियन घातलेला माणूस. तो सकाळपासून उंबऱ्यात बसून होता.

अकराच्या सुमाराला भैयाची माणसं मालवाहू टेम्पोच्या मागे उभी राहून आली. सात-आठ जण असतील. हातात लाठ्या, एकाकडे लोखंडी पाइप. आधी शिव्या झाल्या. मग जेसीबीची काच फुटली, चालकाला खाली ओढून त्यांनी लाथांनी तुडवलं. खात्याच्या एका माणसाच्या हातावर लाठी बसली आणि त्याच्या हातातले कागद चिखलात पडले. दुसऱ्याने पोलिसांना फोन लावला होता, पण त्यांना यायला वेळ होता. आमच्या कॉलनीतले दोघं मध्ये पडले, त्यांतल्या एकाचं डोकं फुटलं. मी हे सगळं पाहत होते आणि पाय हलत नव्हते.

पाइपवाला दाईकडे वळला. ती पाठमोरी होती. त्याने हाक मारली, ती वळली आणि त्याने पाइप आडवा तिच्या तोंडावर फिरवला.

तो आवाज मला ओळखीचा वाटला.

दाई चिखलात पडली. पाइपवाला पुढे निघून गेला. आणि निळ्या बनियनमधला माणूस वाकून, दोन्ही हात पुढे करून तिच्याकडे धावताना मला दिसला. माझे पाय सुटले. मी मागून गेले आणि बांबू त्याच्या खांद्यावर घातला. हाड मोडलं ते मला हाताला कळलं. तो अर्धवट वळला, तेव्हा दुसरा फटका कानावर बसला. तो पडला. तो पडल्यावर मी तिसरा मारला, डोक्यावर नेम धरून, दाईने शिकवला तसा. चिखलावरून पाय घसरला म्हणून तो डोक्यावर न बसता पाठीवर बसला.

"अरे, ओला काबर मारत हस!" दाई ओरडत होती. तिच्या तोंडातून रक्त वाहत होतं, शब्द फुटके येत होते. "ओ तो मोला उठाए बर आवत रहिस!"

त्याला का मारतेस, तो मला उचलायला येत होता. मला अर्थ कळला तरी बांबू हातातून सुटायला वेळ लागला.

पोलिस आले, गाड्या आल्या. दाईचं गालाचं आणि डोळ्याखालचं हाड मोडलं होतं, तीन दात गेले. डोळा वाचला, पण त्यातून आता तिला धुरकट दिसतं. राखणदाराचं गळपट्टीचं हाड मोडलं आणि डावा कान कायमचा गेला. पाइपवाला आणि भैया दोघंही पुढे पकडले गेले, ती केस वेगळी चालू आहे.

माझा जबाब त्याच संध्याकाळी झाला. ठाण्याबाहेर यजमानांनी मला बाजूला घेतलं. "तू मारलं असं कोणी पाहिलं नाही. दाई सांगणार नाही. गर्दीत लागलं म्हण. नोकरी जाईल तुझी, पोरीचं लग्न व्हायचं आहे." मी तसंच सांगितलं. झटापटीत त्यास कोणाकडून तरी मार लागला. खाली सही केली. सही नेहमीसारखीच आली.

घरी जेवले. झोपही लागली. मला वाटलं होतं, लागणार नाही.

अकरा दिवसांनी दाईला बघायला इस्पितळात गेले. तिचे टाके काढून झाले होते. ती माझ्याशी नीट बोलली, संत्रं सोलून मागितलं, मग म्हणाली की तो राखणदार पुरुषांच्या वॉर्डात आहे, वरच्या मजल्यावर. एवढंच. मी जिना चढले.

त्याचा हात छातीशी बांधलेला होता. त्याने मला लगेच ओळखलं. मी म्हणाले की मला वाटलं, तुम्ही तिला मारायला धावताय. तो बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत होता. नंतर मला कळलं, तो ओठ वाचायचा प्रयत्न करत होता.

"आप तो देखेव घलो नहीं, मैडम," तो म्हणाला. तुम्ही तर बघितलंही नाही.

मी माफी मागितली. त्याने मान हलवली. "नहीं," म्हणाला. रागाने नाही. चहा हवा का विचारल्यावर नको म्हणावं तसं. मग त्याने कूस बदलली आणि त्याची पाठ माझ्याकडे झाली. त्या पाठीवर एक लांब, काळानिळा वळ होता.

मी तिथून रिक्षा करून सरळ ठाण्यात गेले आणि पहिला जबाब खोटा होता असं लिहून दिलं. यजमान महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलले. पाऱ्यातले लोक समजूत घालायला आले, कॉलनीतल्यांनी राखणदाराकडे माणूस पाठवला, समझौता कर म्हणून. तो म्हणाला, जो हुआ वो कोर्ट में बोलूंगा. मला समझौता हवा होता. हे लपवण्यात अर्थ नाही. तो नाही म्हणाला हे ऐकून मी त्या दिवशी रडले.

खटला फार लांबला नाही, कारण मी काही नाकारलं नाही. त्याची साक्ष झाली तेव्हा तो उजवा कान वकिलाकडे करून उभा होता. "तीन बार मारिस," तो म्हणाला. "तीसर बार मैं गिरे रहेंव." तिसऱ्या वेळी मी पडलेलो होतो. न्यायाधीशांनी मला विचारलं, हे खरं का. मी हो म्हणाले. दंड झाला, त्याला भरपाई द्यायचा हुकूम झाला आणि माझ्याकडून चांगल्या वर्तणुकीची हमी लिहून घेतली. तुरुंग टळला. नोकरी राहिली, पण मुलांच्या सहलींवर आता मला पाठवत नाहीत. डबऱ्या बुजवल्या. नाल्यात अजून मांगूर सापडतात. पाऱ्यातली माणसं ते मारतात आणि मी काठावर उभी राहून वहीत लिहिते. कधी कधी माझा हात आपोआप वर उठतो. तो हात आता मला दिसतो.

निकालाच्या दिवशी राखणदार कोर्टाच्या पायऱ्यांवर एकटाच उभा होता. मी जवळ जाऊन विचारलं, कुठे सोडायचं आहे का, स्कूटर आहे. त्याने उजवा कान माझ्याकडे केला. मी पुन्हा विचारलं.

"नहीं," तो म्हणाला आणि धड असलेला हात वर करून त्याने ऑटो थांबवली.