पोराची पेशी
भावाच्या पाठीवरची जखम पुसताना स्पिरिटचा वास आला की मला शहरातला तो मोठा दवाखाना आठवतो. डोणगावात निंबावरून पडून भावाचा मणका मोडला, त्याला तेव्हा वर्ष झालं होतं. कमरेखाली कसलीच जाणीव उरली नव्हती. डॉक्टर म्हणाले, "मूळ पेशी टोचून मज्जारज्जू थोडाफार सावरू शकतो, पण अजून प्रयोगच चालू आहेत. नाव यादीत घेतो." बांधाच्या भांडणापायी बाबांची अर्धी जिंदगी बुलढाण्याच्या कोर्टात पेशीवर चकरा मारण्यात गेली होती, दर खेपेला पुढची तारीख घेऊन "पेशी वाढली" म्हणत ते घरी यायचे. ते हात जोडून म्हणाले, "मंग साहेब, पोराची पेशी कोन्त्या तारखेले?" नर्स तोंड दाबून हसली. मी मोठा शिकलेला! तिच्यादेखत पुस्तकी मराठीत बाबांवर खेकसलो, "ही शरीरातली पेशी आहे, कोर्टातली नाही!" बाबांनी जोडलेले हात खाली घेतले. आता ते नाहीत. काल मी दवाखान्यात पुन्हा फोन लावला, तर "सहा महिन्यांनी विचारा" एवढंच उत्तर मिळालं. फोन ठेवला तसा भाऊ खाटेवरून छताकडे बघत म्हणाला, "काय झालं बे? पेशी वाढली?"