गजूभाऊची फवारणीची गाडी

फ्यूज उडाला की गजूभाऊ खूश व्हायचा.

गिऱ्हाईक वैतागून समोर उभं, अन् हा हसत. "मोटर वाचली ना बे तुही. पेढे आण."

आज सकाळी गजूभाऊ गेला. हार्ट अटॅक. यवतमाळला न्यायलाही वेळ मिळाला नाही.

मी उमरखेडच्या स्टँडवर आहे. बस लागायची आहे, म्हणून लिहून राह्यलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. घाटंजीत त्याचं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरी नव्या तारेनं भरायचं दुकान होतं. मी पॉलिटेक्निक अर्धवट सोडलेलं. मग नांदेडला हॉटेलात, मग आदिलाबादला एका ट्रकवर. त्या ट्रकचा ड्रायव्हर फक्त भेंडी खायचा, तीन वेळ भेंडी... असो. फिरत फिरत याच्या दुकानात चार्जर दुरुस्त करायला गेलो अन् सात महिने राहिलो. माझ्यासाठी तो रेकॉर्ड आहे.

ते वर्ष बोंडअळीचं. लोक दोन-दोन औषधं मिसळून मारत होते. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याएवढी, फवारा सगळा तोंडावर.

गजूभाऊचा धाकटा भाऊ विठ्ठलदादा अकरा दिवस दवाखान्यात होता. डोळ्यानं दिसेनासं झालं होतं. डॉक्टरनं बजावलं, पाठीवर पंप पुन्हा घ्यायचा नाही.

"मंग फवारणी कोन करन?" विठ्ठलदादानं विचारलं.

"मशीन करन," गजूभाऊ म्हणाला.

तर ती गाडी. दोन ओळींच्या मधून जाईल एवढीच रुंद. भंगारातल्या कारच्या दोन वायपर मोटरी, बाईकची बॅटरी, वर औषधाची टाकी. खेळण्यातला रिमोट मी जोडला. आपण धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभं राहायचं, गाडी आत जाते. गावात पोरं म्हणायची, रोबोट आला.

एकदा त्यानं मला चाक हातानं घट्ट धरायला लावलं अन् मीटर दाखवला. मोटर मोकळी फिरताना दोन अँपिअर. धरल्यावर चौदा.

"पाह्य. काम काहीच नाही, अन् करंट सातपट. सारी ताकद सोताले जाळाची."

म्हणून प्रत्येक मोटरला फ्यूज. पण गाडी सुरू होतानाही करंट उसळतो, अन् फ्यूज तिथंच उडायचा. त्यावर त्यानं एक सर्किट काढलं होतं.

"पयला सेकंद माफ. निघताना कोनीबी जोर लावतेच. त्याच्यावर मांगलं तं कट."

ते सर्किट जोडायचं काम माझं होतं.

अन् मी एका दोस्तासोबत राजूरला कोळशाची खाण पाहायला गेलो. एका दिवसासाठी. तीन दिवस लागले.

परत आलो तो फवारणीचाच दिवस. टाकीत औषध कालवलेलं. गजूभाऊ अजून दुकानातून यायचा होता. मी गाडी सुरू केली, दोन्ही फ्यूज उडाले. दुसरे टाकले, तेही.

मग मी तेच केलं जे आपल्याकडे प्रत्येक घरात करतात. फ्यूजच्या जागी तांब्याची तार. एक नाही, चार पदर पीळ देऊन.

गाडी काय पळाली. एक अख्खी ओळ. दुसऱ्या ओळीत दोन्ही चाकं ओल्या काळ्या मातीत रुतली. मी रिमोट दाबतच राहिलो. जळका वास आला तेव्हा उशीर झाला होता.

गजूभाऊ आला. फ्यूजचं झाकण उघडलं, तार पाहिली, माझ्याकडे पाहिलं. तार खिशात टाकली.

विठ्ठलदादा धावत आला. "काय झालं गा?"

"भंगारातल्या जुन्या मोटरी. गेल्या."

अळी थांबणार नव्हती. विठ्ठलदादा पंपाकडे वळला. गजूभाऊनं त्याच्या हातातून पंप काढून घेतला अन् स्वतःच्या पाठीवर चढवला. तोंडाला दुपट्टा बांधून दुपारपर्यंत फवारलं. मी पाणी वाहत होतो.

संध्याकाळी त्याला दोनदा उलटी झाली. तीन दिवस डोळ्यांवर ओलं फडकं ठेवून पडून होता. वहिनी डोक्याशी बसून त्याला बोलत होत्या, "कायले लागले त्या गाडीच्या नादी? चालते का ते? पुरं झालं आता."

तो ऐकून घेत होता. मी दारातच उभा होतो.

चौथ्या दिवशी दुकान उघडलं. जळालेल्या दोन्ही मोटरी माझ्यासमोर ठेवल्या.

"भर."

केसासारखी तार. किती वेळा तुटली, मोजली नाही. मग सर्किट जोडलं. पुढच्या फवारणीला गाडी पुन्हा तिथंच रुतली, एका सेकंदात आपोआप थांबली. विठ्ठलदादानं जाऊन मोकळी केली, पुन्हा चालली. त्यानंतर त्या घरात कोणाच्या पाठीवर पंप चढला नाही.

तारेबद्दल गजूभाऊ कधीच बोलला नाही. मीही नाही. कितीदा घाटंजीला आलो, वहिनी, तुमच्या घरी जेवलो.

वहिनी, विठ्ठलदादा, मोटरी चांगल्या होत्या. तार मी घातली होती. त्या दिवशी भाऊच्या पाठीवर पंप माझ्यामुळे होता.

वहिनी, तेव्हा तुम्ही त्याला जे बोलल्या ते माझ्या वाट्याचं होतं. बस लागली आहे. दुपारपर्यंत पोचतो. मग मला बोला.

भाऊ, सुखानं जा. पाया पडतो.