काक याहसाठी घेतलेली कढई

आमच्या पिनांगच्या गल्लीत होकचं क्वे तिआव खायला लोक कुठून कुठून येतात. तांदळाच्या रुंद शेवया, कोळंबी, शिंपले, बदकाचं अंडं, मुगाचे मोड, सगळं धगधगत्या कोळशावर आणि डुकराच्या चरबीत. होक म्हणजे तेओ किम होक. डोक्यावर केस चार, नाकावर राग मात्र भरपूर. कोणी 'तिखट जरा कमी' म्हटलं, की बापाचं नाव बदलायला सांगितल्यासारखा बघतो. त्याच्या एका बाजूला माझी आपमची, म्हणजे तांदळाच्या धिरड्यांची गाडी, दुसऱ्या बाजूला काक याहचा नासी लेमाक. दोन बायांच्या मध्ये सापडलेला हा बाप्या. त्याची एकही गोष्ट माझ्यापासून लपली नाही. आणि माझ्यापासून लपली नाही, म्हणजे गल्लीपासूनही नाही.

काक याह मलय मुसलमान, विधवा; काक म्हणजे ताई. डोक्याला कायम गुलाबी रुमाल आणि जीभ तिच्या सांबलच्या चटणीइतकीच झणझणीत. रोज सकाळी गाडी उघडली, की पहिली पुडी होकच्या फळीवर. नारळाच्या दुधातला भात, तळलेली सुकी मासळी, केळीचं पान. होक उभ्यानेच खायचा.

"आज सांबल गोड झालंय, काक."

"म्हणूनच पान चाटताय वाटतं, तौके?" ती त्याला तौके म्हणायची, म्हणजे शेठ. शेठकडे नोकर एकही नव्हता, ती गोष्ट वेगळी.

पण उलट पुडी काही जायची नाही. होकच्या कढईतलं तिला चालणार कसं? चिनी नववर्षाला संत्री द्यायचा, तेवढंच. एकदा तीच म्हणाली, "एक नवी कढई घ्या, तौके. कोंबडीच्या तेलात करा. खाईन की मी."

"चरबीशिवाय क्वे तिआव? नवरीशिवाय लग्न लावू का?"

"मग बसा नवरदेव होऊन एकटेच!"

गल्ली खो खो हसली. होकही हसला, पण त्याचे कान लाल झालेले मी पाहिले. पुढे दर वर्षी, 'करू एकदा'. मी म्हणायची, "अरे, मुहूर्त कुठल्या देवळातून काढतोयस?" तो माझ्यावर झारा उगारायचा. वर्षं गेली.

मग काक याहच्या गुडघ्यांनी हात टेकले. दूर पूर्व किनाऱ्यावर, तेरेंगानूला राहणारी लेक म्हणाली, पुरे आता, चल माझ्याकडे. शुक्रवारी जावई गाडी घेऊन येणार असं कळलं, तेव्हा होक मोड निवडत होता. निवडलेले आणि न निवडलेले त्याने परत एकत्रच केले.

"अक्का," संध्याकाळी माझ्याकडे येऊन म्हणाला, "शुक्रवारी तुझी शेगडी देशील? तुझ्याकडे डुक्कर नाही, गाय नाही."

"शेगडी घे. तोंडाचा पट्टा घरी ठेवून ये."

शुक्रवारी होकबाबा इस्त्रीचा शर्ट घालून हजर! मलय खाटकाकडून आणलेल्या हलाल कोंबडीचं तेल काढलेलं, झारा नवा कोरा. काक याह मांडीवर पर्स घेऊन समोर बसली, दाखवायला आणलेल्या मुलीसारखी. होकने वर्तमानपत्रातून कढई काढली. काळीभोर, चकचकीत.

"नवी म्हणतोस आणि एवढी काळी?" मी सवयीने टोमणा मारला.

"मग! काल बसून तयार केली ना. कोऱ्या लोखंडाला सगळं चिकटतं. आधी तापवायची, मग लसणाची पात टाकायची, आणि वरून..."

त्याचा हात हवेतच थांबला.

वरून डुकराच्या चरबीचा तुकडा. बापाने शिकवलं होतं तसा, कढईभर घासलेला. हातांनी आपलं काम उरकलं होतं, डोक्याला विचारलंच नव्हतं.

या वेळी गल्लीच्या तुतारीची गरज पडली नाही. तो स्वतःच तिच्यासमोर गेला आणि मान खाली घालून सगळं सांगितलं.

"न सांगता वाढलं असतंत, तर मला काय कळणार होतं?" ती हळूच म्हणाली.

"काक, तुमच्या हातचं इतकी वर्षं खाल्लंय."

मला राहवेना. "अरे, माझा आपमचा तवा आहे की! चार शेवया त्यात परत आणि वाढ."

"ह्या खेळण्यात?" होक उसळला. "आग लागणार नाही नीट. लगदा होईल. पहिल्यांदा खाणार त्या, आणि असलं खाणार?"

"द्या हो लगदा," काक याह हसली. "मी कुठे चांगलं खाल्लंय, मला फरक कळायला?"

"नाही! दुसरी कढई घेतो आणि तेरेंगानूला येऊन करून घालतो."

कोपऱ्यावर जावयाने हॉर्न वाजवला. काक याह उठली. पर्समधून केळीच्या पानातली भाताची एक पुडी काढून त्याच्या फळीवर ठेवली आणि गेली.

दुसरी कढई त्याने खरंच घेतली. माझ्याच शेगडीवर, माझ्या देखत, खोबरेल चोळून तयार केली आणि माझ्याच गाडीच्या खिळ्याला टांगली. पण तेरेंगानू? आज गर्दी आहे, उद्या कोळसा यायचाय. आमच्या बेटावरून पूल ओलांडून पलीकडे जायचं म्हटलं, की त्याचं पोट बिघडायचं. तिकडून लेकीच्या फोनवर काक याह मला विचारायची, "तौकेची कढई निघाली का?" आणि मी म्हणायची, "निघेल हो, अजून शर्टाला इस्त्री चाललीय!"

रायाच्या, म्हणजे ईदच्या सणाआधी पुन्हा फोन आला. या वेळी लेकच बोलत होती. काक याह गेल्याची बातमी होकला सांगायचं माझ्याच वाट्याला आलं. त्याने ऐकलं, हातातली प्लेट गिऱ्हाइकासमोर ठेवली आणि पुढची करायला घेतली. त्या प्लेटमध्ये मीठ दोनदा पडलं.

कढई अजून माझ्याकडेच आहे. गंजू नये म्हणून येऊन तेल लावतो, पुसतो, परत टांगतो. परवा मी चिडवायला गेले नव्हते, तरी तोंडून निघून गेलं, "त्या दिवशी तव्यात केलं असतंस तर?"

"लगदा झाला असता, अक्का."

मी माझा आपम उलटला. कढईचा काठ पुसता पुसता, तिच्याकडेच बघत तो म्हणाला, "खाल्ला असता त्यांनी."