मानेपासून तळपायापर्यंत

मलम बनवणाऱ्या माणसाकडे किस्से साठतात असं मला कुणी आधी सांगितलं असतं, तर मी त्यालाच तपासून घे म्हटलं असतं. बीडच्या एका कॉलेजात औषधनिर्माणशास्त्र शिकवतो मी. वर्गात पोरं झोपतात, प्रयोगशाळेत बीकर फुटतात, त्यापलीकडे आमच्या आयुष्यात काही घडत नाही. पण करंजाच्या तेलाचं मलम खरजेवर चालतं का ते बघायला आम्ही गावात गेलो, आणि तेव्हापासून लग्नकार्यात कुणी भेटलं की पहिला प्रश्न असतो, "सर, ते शेळीचं काय झालतं, सांगा की यांना!"

शेळीचं सांगतो, पण आधी काम काय होतं ते ऐका. दोन प्रकारच्या ट्यूब. एकीत आमचं करंजाचं मलम, दुसरीत डॉक्टर नेहमी देतात ते. दोन्हींचा रंग आणि वास मुद्दाम सारखा केलेला. कुणाला कोणती मिळाली हे पेशंटलाही माहीत नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही; ट्यूबवर नुसता नंबर. तपासायला नलावडे मॅडम, त्वचारोगाच्या डॉक्टर. घरोघर न्यायला सुनीताताई, गावच्या आशा कार्यकर्त्या. मी नुसता मलमवाला. गाव चौसाळ्याहून आत, अर्धं गाव दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारं. तिकडे कारखान्यावर एकेका कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, सगळं घर दाटीवाटीनं झोपतं. म्हणजे खरूज घालवायची तर निघायच्या आधीच, नाहीतर तीही टोळीबरोबर ट्रॉलीत बसते.

*

पहिल्याच दिवशी तोंडावर पडलो. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून पुकारा केला, "खरजेची तपासणी आहे, ज्यांना खाज आहे त्यांनी मारुतीच्या पारावर यावं." पारावर एक कुत्रं आलं. तेही खाजवत नव्हतं.

सुनीताताई म्हणाल्या, "सर, असं भोंग्यावर नाव घेतल्यावर कोण येईल? लोकांना पोरींची लग्नं जमवायची हायत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः पुकारा केला, बीपी-शुगर फुकट तपासणार म्हणून. गाव लोटलं. मॅडम बीपीचा पट्टा बांधायच्या आणि बोलता बोलता बोटांच्या बेचक्यांत बघायच्या. बीपी खरंच तपासलं हो, उगाच आमच्यावर आळ नको. पण खरजेचं विचारलं की एकच उत्तर.

"मला? छ्या. आमच्या शेजारच्यांना हाय."

शेजाऱ्याला विचारावं तर तो पलीकडचं घर दाखवायचा. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावानं एकमेकांची नावं सांगून टाकली आणि आमचं सर्वेक्षणाचं काम आपोआप झालं.

सरळ बोलली ती एकटी कौसाबाई. साठीच्या पुढची, काटक म्हातारी. रांग मोडून थेट मॅडमपुढे दोन्ही हात धरले. "मला हाय. लई हाय. आधी मला बगा, माझ्यापाशी टाइम न्हाई."

टाइम का नव्हता, ते सुनीताताईंनी सांगितलं. कौसाबाईचा मुलगा भरत आणि सून रेखा दरवर्षी ऊसतोडीला जातात. म्हातारी बरोबर असते, कोपीवर भाकरी थापायला. यंदा रेखाला तान्हं लेकरू. ते सांभाळायला म्हातारी पाहिजेच. पण तिला खाज सुटली तसं घरानं तिचं अंथरूण गोठ्यात टाकलं, ताटवाटी वेगळी केली, नातवाला हात लावू देईना. भरतनं तर सांगूनच टाकलं होतं की जाईपर्यंत खाज गेली नाही तर आई इथंच राहील, लेकराला सांभाळायला रेखाच्या माहेरची मावशी येईल.

रेखाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तान्हं लेकरू आहे, कुठलीही आई भ्यायली असती. पण नातू भिंतीपलीकडे रडतोय आणि म्हातारी गोठ्यात बसून नुसती ऐकतेय, हे मला बघवेना.

*

मलमाचा पहिला खोका मी एसटीनं नेला. करंजाच्या तेलाचा वास ज्यांनी घेतलाय त्यांना पुढचं सांगायला नको. बस बीडच्या बाहेर पडली नाही तोवर खिडक्या उघडायला सुरुवात झाली. कंडक्टर नाकाला रुमाल लावून ओरडला, "कापसावर फवारायचं औषध कोणी आणलंय बे गाडीत?"

मी हात वर केला. म्हटलं, "फवारायचं नाही, मलम आहे. माणसांना लावायचं."

उरलेल्या खिडक्याही उघडल्या. शेजारचे एक आजोबा गेवराईकडच्या कुठल्या कार्यक्रमाहून परतत होते. त्यांनी खोक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मान डोलावली. "बरूबर हाय. माणसांवरबी कीड लई पडलीय आता."

*

वापरायची रीत मॅडम प्रत्येक घरात तीच सांगायच्या. संध्याकाळी मानेपासून तळपायापर्यंत लावायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी अंघोळ. आठवड्यानं पुन्हा एकदा. कपडे-गोधड्या उकळत्या पाण्यातून काढायच्या. आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं, ज्याला खाज नाही त्यानंसुद्धा. तान्ह्या लेकरांचं मॅडम वेगळं बघायच्या. कौसाबाईच्या नातवाला त्यांनी उलटंसुलटं करून तपासलं, त्याला काही नव्हतं.

आता एक घर दोन जावांचं. भाऊ वेगळे निघालेले, चुली वेगळ्या, अंगण एक. एकीला पहिल्या प्रकारची ट्यूब आली, दुसरीला दुसऱ्या प्रकारची. थोरलीनं दोन्ही ट्यूबांचा वास घेतला आणि ठरवलं की धाकटीच्या ट्यूबला जास्त कडू वास येतो, म्हणजे खरं औषध तिलाच मिळालं. मग बोलाचाली झाली. मग सासूबाई मधे पडल्या.

आम्ही तपासायला गेलो तर दोघी हसतखेळत ज्वारी निवडत बसलेल्या. मॅडमनी विचारलं, कोणती ट्यूब कुणी लावली? थोरली म्हणाली, "भांडण नको म्हून दोनी टूब परातीत पिळल्या, कालवल्या आन् सारख्या वाटून घेतल्या."

वाटणी अगदी चोख झाली होती हो, कुणाला बोट जास्त गेलं नव्हतं! मॅडम जोत्यावर बसल्या. मग त्या दोन्ही घरांना अभ्यासातून काढून नेहमीचं औषध दिलं. आम्ही निघताना थोरलीनं विचारलं, "आता दोघींना येकच दिलंय ना? मग हे आधीच कावून न्हाई दिलं?"

*

गावात एक आबासाहेब होते. बागायती जमीन, पांढरी गाडी, प्रत्येक पक्षाच्या बॅनरवर फोटो. ते तपासणीला आले नाहीत, आम्हालाच चहाला बोलावलं. तासभर पाऊसपाणी आणि राजकारण झालं, आणि सगळा वेळ आबा एका हातानं दुसऱ्या हाताची बोटं चोळत होते. शेवटी म्हणाले, "मॅडम, आमच्या सालगड्याला जरा खाजंचं हाय. बिचारा येकटाच ऱ्हातो, बिनलग्नाचा. लाजतोय यायला. तुमी मलाच सांगा, मी त्याला सांगतो."

मॅडम एकदम सरळ चेहऱ्यानं म्हणाल्या, "सांगा की. मानेपासून तळपायापर्यंत लाव म्हणावं. आणि घरातल्या सगळ्यांनी लावायचं."

आबांनी आतल्या दाराकडे बघितलं, आवाज बारीक केला. "त्याच्या बायकूनंबी?"

मॅडमनी दोन माणसांपुरतं औषध लिहून दिलं आणि चहा छान झाला होता म्हणाल्या.

*

आता शेळी. आठवड्यानं कौसाबाईकडे गेलो तर म्हातारी पुढ्यात आली तीच खाजवत. मनगटावर नवे फोड. मॅडम काळजीत पडल्या, मी त्याहून जास्त, कारण माझ्या डोक्यात आमचं करंजाचं मलमच नापास झालं होतं. तेवढ्यात सुनीताताई गोठ्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "सर, ही शेळी बगा."

मागच्या वेळी त्या शेळीचे कान आणि मान खाजवून खाजवून उघडी पडली होती. आता तिथं बारीक नवीन केस. आणि गोठ्यात करंजाचा वास.

मॅडम म्हणाल्या, "मावशी, तुमचं मलम शेळीला लावलं?"

"अर्दं मी लावलं, अर्दं तिला."

"अहो पण ते तुमच्यासाठी होतं. तुम्हालाच पुरलं नाही ना मग."

कौसाबाई शेळीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "मी तोंडानं सांगून ऱ्हायले, मला खाज हाय म्हून. तिनं कुनाला सांगावं? गोठ्यात आमी दोगीच हाव."

मॅडमनी नवी ट्यूब दिली, त्याच नंबरची, आणि शेळीसाठी जनावराच्या दवाखान्यातून वेगळं औषध आणायला मला पिटाळलं. कॉलेजात कुणी कुणी विचारायचं, पहिला बरा झालेला पेशंट कोण? मी विषय बदलायचो.

*

दुसऱ्या फेरीत म्हातारीनं सगळं नेमानं केलं. सगळं मलम स्वतःला, गोधड्या उकळल्या, शेळी लांब बांधली. रेखानंही लावलं. तरी पुढच्या खेपेला म्हातारीच्या बेचक्यांत दोन ठिकाणी पुन्हा तेच. टोळी निघायला थोडेच दिवस उरले होते, मुकादमाचा निरोप येऊन गेला होता. म्हातारी नुसती हात पदरात घेऊन बसली.

मॅडमनी रेखाला विचारलं, "घरात सगळ्यांनी लावलं ना?"

रेखानं भरतकडे बघितलं. भरत खाटेवरून म्हणाला, "मला खाजच न्हाई, मी कावून लावू? गडी मानसानं संध्याकाळचं मलम चोळीत बसायचं व्हय?"

बोलता बोलता त्याचा हात मनगटावर गेला. घड्याळाच्या पट्ट्याखाली बोट घालून त्यानं मस्त खाजवलं. मॅडमनी बघितलं, मी बघितलं, सुनीताताईंनी तर टक लावून बघितलं.

"हे?" मॅडम म्हणाल्या.

"हे घड्याळाचं हाय. पट्ट्याची ॲलर्जी. लई दिवसाची हाय, गेल्या साली कारखान्यावर होतो तवापासनं."

सुनीताताई पुढं झाल्या, त्याची दुसरी बाही वर केली. दुसऱ्या मनगटावर तेच फोड, तस्सेच. म्हणाल्या, "आन् ह्या हाताला कुठं घड्याळ हाय?"

खरं सांगतो, मला त्याचा संताप आला. गेल्या साली आणलेली खरूज ह्यानं पट्ट्याखाली झाकून ठेवली, घरात फिरवली, आणि गोठ्यात गेली आई. मी काहीतरी बोलणार होतो, पण रेखा उठली. आत गेली, भरतचं अंथरूण गुंडाळून आणलं आणि सासूच्या अंथरुणाशेजारी गोठ्यात टाकलं. त्या संध्याकाळी भरतनं मलम लावलं, मानेपासून तळपायापर्यंत. सुनीताताईंनी सांगितलं, रेखा कंदील धरून उभी होती आणि सुटलेली जागा दाखवत होती.

*

टोळी निघायच्या सकाळी आम्ही शेवटची तपासणी ठेवली. ट्रॅक्टर पारापाशी उभा. ट्रॉलीत भांडी, चुलीचं सरपण, पाण्याचा ड्रम, पाय बांधलेल्या कोंबड्या. रेखाच्या माहेरची मावशीही पिशवी घेऊन आली होती, कारण म्हातारी जाणार की राहणार ते अजून ठरायचं होतं. ती बाई एका अंगाला उभी राहून उगाच पिशवीचे बंद आवळत होती.

मॅडमनी आधी भरतला बघितलं, मग रेखाला. दोघंही मोकळे. मग कौसाबाईला घरात नेऊन पोट-कंबर बघितली, बाहेर उन्हात आणून भिंगाखाली एकेक बेचकं बघितलं, मनगटं, कोपरं.

"नवीन एकही नाही मावशी," मॅडम म्हणाल्या. "गेली खरूज."

माहेरच्या मावशीनं पिशवी खांद्यावर टाकली आणि बस गाठायला निघाली. भरत म्हणाला, "चल मग आये, बस ट्रॉलीत." रेखा लेकरू घेऊन पुढं आली आणि दोन्ही हातांनी सासूपुढं धरलं. "घ्या आत्याबाई."

कौसाबाईनं हात पुढं केले नाहीत. मला वाटलं, रुसली. आता म्हणेल मी येत नाही, आणि म्हणाली असती तर मी तिच्याच बाजूनं बोललो असतो.

ती म्हणाली, "लेकरू जरा सुनीताकडं दे."

रेखानं दिलं. म्हातारीनं सुनेचा हात धरला, उन्हात ओढला आणि एकेक बोट फाकवून बघितलं. मनगट उलटं केलं, कोपर बघितलं. मग दुसरा हात. रेखा मान खाली घालून उभी राहिली.

"भरत, तू ये."

अख्खी टोळी बघत होती. भरतनं घड्याळ काढून खिशात टाकलं, बाह्या वर केल्या. म्हातारीनं तोंड जवळ नेऊन बघितलं, लांब धरून बघितलं. मॅडम सांगायला गेल्या की त्याचीही गेलीय, तर सुनीताताईंनी हळूच त्यांचा हात दाबला.

मुकादम म्हणाला, "मावशे, उशीर व्हायलाय."

"व्हऊ दे."

तिनं भरतचा हात सोडला. सुनीताताईंकडून नातवाला घेतलं, छातीशी धरलं, आणि कुणाचा आधार न घेता ट्रॉलीत चढली. गोधड्यांच्या गाठोड्यावर नीट बसली. त्याचं टोपरं सारखं केलं. रेखा चढून तिच्याशेजारी बसली. मग भरत ट्रॉलीच्या फळीवर पाय ठेवायला गेला, तर म्हातारी वर न बघता म्हणाली,

"तू म्होरं डायव्हरपाशी बस."